तुमचं वचन आलं

आवाज स्वच्छ करताना खोकला वेगळा काढावा लागतो. श्वास, घसा खाकरणं, मागच्या खोलीत पडलेलं भांडं, हे सगळं शब्दांपासून सोडवून दुसऱ्या कप्प्यात टाकायचं आणि उरलेल्या शब्दांवर यंत्राला शिकवायचं. प्रिस्का आढाव हे काम पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत दोन वर्षं करत होती आणि तिचा त्यात हात बसला होता. पण स्वतःच्या आईचे खोकले वेचायला बसली तेव्हा ती दोनदा मध्येच उठली. तिसऱ्यांदा मात्र नेटानं बसून तिनं ते पुरं केलं. एकूण तीनशे एकोणीस भरले.

आई, नाओमी आढाव, सहा महिन्यांपूर्वी फुप्फुसांच्या विकारानं गेली होती. ओला स्पंज वाळून चामड्यासारखा व्हावा तशी तिची फुप्फुसं कडक होत गेली. श्रीरामपूरच्या चर्चच्या मंडळीत ती महिला मंडळाची पुढारी. शेवटची दोन वर्षं ती रोज सकाळी साठेक बायकांना फोनवरून पाच मिनिटांचं मनन पाठवायची. एक शास्त्रभाग, थोडा अर्थ, छोटीशी प्रार्थना. शेवटची अकरा मननं तिनं दवाखान्यातल्या खाटेवरून पाठवली, नाकात ऑक्सिजनची नळी असताना. बायकांनी ती जपून ठेवली होती. प्रिस्काकडे सहाशे चाळीस जमली, आणि एवढ्या आवाजावर कुणाचाही आवाज उभा करता येतो.

कंपनीच्या यंत्राचं नाव ‘सातत्य’. पोळ्यांच्या डब्याएवढं, टेबलावर ठेवायचं. काम एकच, माणसाकडून रोज बायबल वाचून घेणं. पहिल्या जानेवारीला संकल्प सगळेच करतात. उत्पत्ती आणि निर्गम झपाट्यानं उरकतात, पण लेवीय आलं आणि बळींच्या चरबीचे नियम सुरू झाले की बुकमार्क तिथंच राहतो. पवित्र शास्त्रात एक हजार एकशे एकोणनव्वद अध्याय आहेत आणि एकतीस हजारांच्या वर वचनं. रोज पंच्याऐंशीच्या आसपास वाचली तर वर्षात पार पडतं. अवघड काहीच नाही, फक्त रोज बसावं लागतं. म्हणून यंत्र सोबत बसायचं. एक वचन ते वाचणार, पुढचं माणूस वाचणार. आवाज हवा तर घरच्या माणसाचा.

प्रिस्कानं हे सगळं वडलांसाठी केलं. त्यांच्यावर तिचा विशेष जीव होता असं नाही, पण तिनं आईला शब्द दिला होता. शेवटच्या आठवड्यात आई म्हणाली होती, “ह्यांनी एकदा तरी सगळं शास्त्र वाचावं. माझ्यानं झालं नाही, तू बघ.” आणि प्रिस्का हो म्हणाली होती.

शमुवेल आढाव एसटीच्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. बोनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस. रविवारी चर्चला जात, वर्गणी देत, नाताळात गीतमंडळाबरोबर घरोघर फिरत. फक्त घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांना बसवत नसे. आढावांकडे रिवाज होता पाळीनं एकेक वचन वाचायचा. आई एक वाचायची, प्रिस्का दुसरं, आणि तिसरं पप्पांचं. पप्पा ओट्यावर पेपर घेऊन बसलेले असत. आई तिथं थांबायची. “तुमचं वचन आलं,” असं आतून सांगायची आणि वाट बघायची. कधी पप्पा बसल्या जागेवरून वाचत, बहुतेक वेळा वाचत नसत. दहा मिनिटं गेली की आई त्यांचंही वचन स्वतः वाचायची, प्रार्थना उरकायची आणि भाकरी थापायला उठायची.

पहिल्या जानेवारीला प्रिस्कानं यंत्र आईच्या टीपॉयवर मांडलं. शमुवेल समोरच्या खाटेवर बसले. आईच्या आवाजात उत्पत्तीचं पहिलं वचन झालं. मग तोच आवाज म्हणाला, “तुमचं वचन आलं.”

हे वाक्य प्रिस्कानं घातलेलं नव्हतं. एका मननात आईनं ते चुकून ओट्याकडे तोंड करून म्हटलं होतं आणि यंत्रानं ते तिथून उचललं होतं. शमुवेल बराच वेळ यंत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं.

*

पहिले एक्केचाळीस दिवस एकही खंड पडला नाही. मंडळीत बातमी पसरली. बायका संध्याकाळी नाओमीबाईंचा आवाज ऐकायला येऊ लागल्या. पदरानं डोळे पुसत आणि शमुवेलांना म्हणत, भाऊ, तुम्ही नशीबवान. फेब्रुवारीत शमुवेलांनी चर्चमध्ये उभं राहून साक्षही दिली, प्रभूनं आपल्याला कसं बदललं त्याची. साठ वर्षं मी प्रभूला ओट्यावर बसवून ठेवलं, असं काहीसं ते बोलले. पुढच्या बाकावरची करुणाकाकू शेजारणीच्या कानात पुटपुटली, की नाओमी जिवंत असताना प्रार्थना म्हटलं की ह्याच्या कपाळाला आठी पडायची, आता बघा कसा फुलतोय.

पाळकसाहेब अमोस त्रिभुवन तर यंत्रावर खूश होते. ते कंपनीच्या सल्लागारांपैकी एक होते आणि यंत्राच्या पोटात एक गोष्ट खास त्यांच्या सांगण्यावरून बसवली होती.

यंत्राला देवाचं काही कळत नाही. गुराख्याला म्हशीच्या मनातलं कुठं कळतं? तो निरनिराळ्या हाका देऊन बघतो, ज्या हाकेला ती वळते तीच पुन्हा देतो. ‘सातत्य’ असंच चालायचं. रोज काहीतरी बारीक बदल करून बघायचं. वेळ अर्धा तास अलीकडे, आवाज थोडा हळू, दोन वचनांमधली उसंत जरा लांब. माणूस वाचायला आला की त्या बदलाच्या खात्यात गुण पडायचे, जास्त गुणांचा बदल पक्का व्हायचा. मग प्रश्न येतो, गुण नेमके कशाला द्यायचे? पहिल्या बैठकीत अभियंत्यांनी सलग दिवसांना गुण द्यायचं ठरवलं होतं. त्रिभुवनांनी हात वर केला. सलग वाचणारा मोठा की वाट चुकून परत आलेला? शंभर मेंढरांतलं एक हरवलं तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकामागं जातो, आणि स्वर्गात आनंद होतो तो त्या एकाचा. जे न चुकलेल्यांनाच बक्षीस देतं ते ख्रिस्ती यंत्र नव्हे.

बैठकीतले सगळे ख्रिस्ती घरांतलेच होते, सगळ्यांना ते पटलं. न चुकता वाचलेल्या दिवसाला एक गुण, आणि खंड पडून परत येणाऱ्या दिवसाला पाच. प्रिस्कानंच ते आकडे भरले होते. भरताना तिला बरं वाटलं होतं.

बेचाळिसाव्या दिवशी शमुवेल एका लग्नाला राहात्याला गेले आणि वाचन राहिलं. दुसऱ्या दिवशी यंत्रानं नेहमीसारखा काहीतरी बारीक बदल करून पाहिला. शब्दांचा कप्पा वापरून झाला होता, म्हणून त्यानं दुसऱ्या कप्प्यात हात घातला. “तुमचं वचन आलं” म्हणायच्या आधी आई खोकली.

त्या संध्याकाळी शमुवेल दोन तास वाचत बसले. यंत्रानं पाच गुण मोजले आणि ती हाक लक्षात ठेवली.

*

पुण्यात प्रिस्काच्या पडद्यावर वडलांच्या नावापुढं हिरवा ठिपका दिसायचा. परत येण्याचं प्रमाण शंभर टक्के. असा माणूस तिच्या यादीत दुसरा नव्हता. ती कामाच्या गडबडीत तो ठिपका बघायची आणि पुढं जायची. जूनच्या शेवटी वर्षाच्या मध्याचा अहवाल करताना तिनं पहिल्यांदा खालचे आकडे उघडले, तर वडील अजून बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकांतच होते. ते ईयोबाच्या पुढं जायला हवे होते. खंड किती पडले ते तिनं मोजलं. मार्चमध्ये चार. एप्रिलमध्ये नऊ. मे महिन्यात दर दोन दिवसांआड एक, इतका नेमका की आलेखावर करवतीचे दात उमटले होते. आणि वाचनाच्या दिवशीही दर वचनाआधी उसंत होती, दहा मिनिटांची, वीस मिनिटांची, एका ठिकाणी एकावन्न.

विसराळू माणसाचे खंड असे नसतात. ते कसेही पडतात. हे मोजून पाडलेले होते.

शनिवारी कुणाला न कळवता ती श्रीरामपूरला गेली. दिवेलागण व्हायची होती. पुढचं दार आतून लावलेलं, म्हणून ती मोरीकडून मागच्या खोलीत आली आणि तिथंच थबकली. बाहेरच्या खोलीत आईला धाप लागली होती.

ही धाप तिच्या ओळखीची होती. शेवटच्या अकरा दिवसांची होती, एका शब्दाला एक श्वास. “तुमचं,” आई म्हणाली. खोकली. “वचन आलं.” मग नुसता श्वास, वर ओढलेला आणि अर्ध्यावर अडकलेला. मग, “अहो.”

दाराच्या फटीतून प्रिस्काला पप्पा दिसले. खाटेवर मांडी घालून ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पुस्तक समोर उघडं होतं, चष्मा डोळ्यांवर होता. शेंग दोन बोटांत दाबायची, टरफल वाटीत टाकायचं, दाणा तोंडात, आणि मग पुढची शेंग. घाई कसलीच नव्हती. आई पुन्हा खोकली. “ऐकताय ना,” तिनं विचारलं. पप्पांनी मान हलवली, पण वाचलं नाही.

प्रिस्कानं घड्याळ लावलं. एकोणीस मिनिटं झाली. मग पप्पांनी हात झटकले, पुसले आणि एक वचन वाचलं, स्वच्छ, सावकाश, शाळेतल्यासारखं. आईनं सुटल्यासारखा ‘हं’ केला आणि पुढचं वाचलं. मग पुन्हा त्यांची पाळी आली आणि त्यांनी शेंगांत हात घातला.

प्रिस्का बाहेरच्या खोलीत आली आणि तिनं यंत्राची पिन काढली. शमुवेल दचकले नाहीत. “आलीस?” म्हणाले, “कळवायचं तरी. चहा टाक.”

चहा ठेवला नाही. तिनं फोन उघडून त्यांना आलेख दाखवले आणि समजावून सांगितलं, एखाद्या ग्राहकाला सांगावं तसं. तुम्ही खंड पाडता म्हणून यंत्र खोकतं, आणि ते खोकतं म्हणून तुम्ही खंड पाडता. तुम्ही त्याला शिकवताय, ते तुम्हाला शिकवतंय. त्यात आई कुठंच नाही, नुसते ध्वनीचे तुकडे आहेत. बोलता बोलता तिला वाटलं, त्यांना हे माहीतच नसणार, ऐकून ते मोडून पडतील. म्हणून शेवटची वाक्यं तिनं हळू केली.

शमुवेल हसले.

“मला काय शिकवते गं? चाळीस वर्षं आवाजच ऐकले मी. वाचते ना, ते तुझ्या कंपनीचं आहे, नव्या इंजिनासारखं, सगळं गुळगुळीत. खोकला तेवढा तिचा.”

म्हणजे ते खऱ्या आईसाठी हे करत होते. प्रिस्का खाटेच्या कडेला टेकली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायला वाकली. पण ते अजून बोलतच होते.

“जिवंत होती तेव्हा दहा मिनिटांत कंटाळायची. माझं वचन स्वतःच वाचून टाकायची आणि उठायची. ही उठत नाही.”

“तुम्हाला ते आवडतं? तिनं ताटकळलेलं?”

“डेपोत मी हो म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. पन्नास माणसं सामान घेऊन फलाटावर उभी राहायची.” त्यांनी टरफलांची वाटी खाली ठेवली. “घरात मात्र माझ्यावाचून आमेन व्हायचं.”

भाकरी थापायला उठताना आई गुडघ्यावर हात रेटून उठायची, ते प्रिस्काला आठवलं. पाळीतलं तिचं स्वतःचं वचन कधी चुकलं नव्हतं, आणि त्याकडे कधी कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

“यंत्र घेऊन जायचं तर जा,” शमुवेल म्हणाले. “मग मी एक ओळ वाचणार नाही. तुझ्या आईला शब्द तू दिलायस, मी नाही.”

*

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच तिनं यंत्र नेलं नाही. रविवारी दुपारी पप्पा झोपले असताना तिनं त्याची मांडणी बदलली. बदल तीनच केले. पहिला बदल, खोकल्यांचा तो दुसरा कप्पा रिकामा केला. तीनशे एकोणीस खोकले, सगळे श्वास, ‘हं’ आणि ‘अहो’ पुसून टाकले, त्यांची प्रत ठेवली नाही. दुसरा, परत येण्याला शून्य गुण. गुण फक्त सलग दिवसांना आणि वेळेवर वाचलेल्या वचनांना. तिसरा, उसंत जास्तीत जास्त चार सेकंद. तेवढ्यात माणसानं वाचलं नाही तर यंत्रानं त्याचंही वचन वाचायचं आणि पुढं चालायचं. माणूस आला काय, न आला काय, रोज ठरल्या वेळी सुरू व्हायचं, आणि राहिलेला भाग भरून निघेपर्यंत रोज दुप्पट. वर्षअखेर पुस्तक संपलंच पाहिजे.

मग तिनं आईच्या आवाजाचं वय दहा वर्षांनी कमी केलं. तेवढं करायची खरं तर गरज नव्हती.

पहिल्या संध्याकाळी शमुवेलांनी शेंगा घेतल्या. पुण्यात परतलेली प्रिस्का यंत्राला जोडलेल्या फोनवर ऐकत होती. आईनं ठणठणीत आवाजात वचन वाचलं, “तुमचं वचन आलं” म्हणाली, चार सेकंद गेले, आणि तिनं त्यांचं वचनही वाचून टाकलं. मग आपलं. मग पुन्हा त्यांचं. शमुवेलांनी हाक मारली, “नाओमी.” ती वाचत राहिली. त्यांनी आवाज चढवला. थांब म्हणाले. सात अध्याय तिनं एकटीनं वाचले, प्रार्थना केली, आमेन म्हणाली आणि बंद झाली. नोंद पडली, सहभाग शून्य.

तीन दिवस ते हट्टाला पेटून गप्प बसले. तीन दिवस त्यांच्यावाचून आमेन झालं. चौथ्या दिवशी दुसऱ्या अध्यायाच्या मध्यावर त्यांनी एक वचन पकडलं. त्या दिवशी बारा. आठवड्यानं ऐंशी. ऑगस्टपासून एकही सुटलं नाही.

चार सेकंद ही प्रिस्कानं वरची मर्यादा घातली होती, खालची घातलीच नव्हती. यंत्र आपलं काम करत राहिलं. त्याला दिसलं, की उसंत तीन सेकंदांची केली तर हा माणूस जास्त वेळेवर वाचतो. अडीच केली तर आणखी. सप्टेंबरात ती सव्वा सेकंदावर आली. आता शमुवेलांना यंत्राचं वचन संपायच्या आत श्वास भरून ठेवावा लागे. करुणाकाकू एकदा डाळीची वाटी द्यायला गेली, तर त्यांनी मान वर केली नाही, बोट ओळीवर ठेवून नुसता हात हलवला, जा म्हणून. ती नंतर कुणाला तरी म्हणाली, माणूस वाचतोय की बस चुकेल म्हणून पळतोय, कळत नाही.

ऑक्टोबरात पप्पांचा फोन आला. आधी हवा, पाणी, गुडघे. मग म्हणाले, “तेवढं जरा थांबायला सांग तिला. चष्मा पुसायची फुरसत देत नाही.”

प्रिस्कापुढं त्यांचा आलेख उघडा होता. चौऱ्याण्णव दिवस सलग, वचनं शंभर टक्के. एक आकडा बदलला असता तर झालं असतं, दोन सेकंदांचं काम. तिनं बोट त्यावर नेलंही.

“वेळेवर वाचताय ना?” तिनं विचारलं. “मग झालं तर.”

“काल एक सुटलं असतं माझं. घाम फुटला मला.”

“सुटलं नाही पण.”

मग ते म्हणाले, “प्रिस्का, ती आता तुझी आई राहिली नाही. तू झालीस ती.”

“आईनं थांबून काय मिळवलं, पप्पा?”

त्यावर त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी त्यांचं वाचन सुरू झालं आणि एकही वचन सुटलं नाही.

*

एकतीस डिसेंबरला प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय झाला आणि दुसऱ्या सकाळी, नव्या वर्षाच्या उपासनेत, शमुवेल आढावांना प्रमाणपत्र देण्यात आलं. चर्च भरलं होतं. प्रिस्का बायकांच्या बाजूला करुणाकाकूशेजारी बसली होती. शब्द पुरा झाला होता, आणि आपल्याला काहीतरी वाटेल याची ती सकाळपासून वाट बघत होती.

पप्पा पुढं गेले तेव्हा तिनं त्यांना नीट पाहिलं. वर्षात सदरा दोन मापं सैल झाला होता. ओठ सारखे हलत होते, आवाज न करता.

पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, की सातशे पासष्ट घरांत हे यंत्र चालतं, पण शेवटपर्यंत पोचलेला माणूस एकच, आणि तो आपला. याचं श्रेय त्यांच्या लेकीनं केलेल्या नव्या मांडणीला आहे. परत येणाऱ्यांना गुण द्यावेत असा सल्ला मागं त्यांनीच दिला होता, तो भावनेच्या भरात दिला होता, असंही त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. आजपासून सगळ्या घरांत प्रिस्काची मांडणी लागू होईल. कंपनीनं परवानगी मागितली होती आणि प्रिस्कानं कालच होकार कळवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करुणाकाकूनं तिची पाठ थोपटली.

मग प्रतिवाचन होतं. पाळकानं स्तोत्रातलं एक वचन वाचायचं, मंडळीनं पुढचं, असं शेवटपर्यंत. मंडळीच्या बाजूनं आज शमुवेलभाऊ पुढाकार घेतील, असं त्रिभुवन म्हणाले आणि त्यांनी सावकाश, ठेवणीतल्या आवाजात पहिलं वचन सुरू केलं.

ते संपायच्या आत शमुवेलांनी दुसरं वाचलं. मंडळीनं तोंड उघडेपर्यंत ते संपलंही होतं. त्रिभुवन हसले, तिसऱ्याकडे वळले, पण त्यांनी श्वास घेतला तेवढ्यात शमुवेलांनी तिसरं वाचलं, मग चौथं, पाचवं, एका दमात, बोट ओळीवर दाबून, मान खाली घालून. पुढच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. उत्साह बघा, असं मागून कुणी म्हणालं. हसू बाकाबाकांवरून मागं सरकत गेलं. प्रिस्काही थोडी हसली, सगळे हसत होते म्हणून.

स्तोत्र संपलं. शमुवेलांनी वर पाहिलं. साडेतीनशे माणसं पुस्तकं उघडी धरून दुसऱ्या वचनावरच थांबली होती. शमुवेलांनी प्रिस्काकडे पाहिलं नाही, त्यांना ती दिसलीच नसावी.

“वाचा ना,” ते म्हणाले. “थांबू नका. ती पुढं जाते.”

मंडळीला ती साक्ष वाटली. कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं आणि दुसरं वचन सुरू झालं. मग तिसरं, तेही मंडळीनंच वाचलं, जरा झपाट्यानं. त्रिभुवन आपली ओळ शोधत पानावरून बोट फिरवत होते. चौथ्या वचनाला लहान मुलंही वेगात आली. करुणाकाकूनं प्रिस्काला कोपरानं ढोसलं, वाच की. प्रिस्कानं पुस्तक उघडलं, कुठवर आले ते तिला सापडेना, तिनं पान उलटलं आणि वाकून शेजारणीच्या बोटाकडे पाहिलं. ते केव्हाच पुढं निघून गेलं होतं.